दहापट भिंगातून दरोडेखोर माशी: ओळख कुठवर पटते?

दरोडेखोर माशांच्या, म्हणजे रॉबर फ्लाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिकारी माशांच्या नादाला लागून मला तीन वर्षे झाली. या काळात माझ्या हातात सर्वांत जास्त राहिलेली वस्तू म्हणजे रत्नपारखी डोळ्याला लावतात तसले, धातूच्या कवचात मिटणारे दहापट भिंग. अशा भिंगांची परीक्षणे बहुधा नाणी, टपाल तिकिटे किंवा खडे समोर ठेवून लिहिलेली असतात आणि केस, पंखांच्या शिरा, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पाहणाऱ्याला त्यांतून फारसे काही हाती लागत नाही. म्हणून मी या भिंगाची परीक्षा एकाच प्रश्नावर घेतली आहे: ॲसिलिडी, म्हणजे या दरोडेखोर माशांच्या कुळातली माशी समोर असताना वर्गीकरणाच्या शिडीवर हे भिंग मला कोणत्या पायरीपर्यंत नेते? माझे उत्तर असे की उपकुळापर्यंत आरामात, प्रजातीपर्यंत (जीनस) बऱ्याचदा आणि जातीपर्यंत (स्पीशीज) क्वचितच. ही शेवटची उणीव भिंगाच्या खात्यावर टाकावी की त्या माशांच्या, हे ठरवायला मला बराच वेळ लागला.

आधी वस्तूविषयी. भिंगाचा व्यास १८ मिलिमीटर आहे आणि आत तीन काचा एकमेकींना चिकटवून बसवलेल्या आहेत. या रचनेला ट्रिप्लेट म्हणतात. एकाच काचेच्या स्वस्त भिंगात काळ्या वस्तूच्या कडेला निळसर-नारिंगी झालर दिसते आणि दृश्याच्या कडेला सरळ रेषाही वाकतात. नाणे पाहणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही, पण दरोडेखोर माशीच्या चेहऱ्यावरचे राठ केस काळे आहेत, पिवळे आहेत की दोन्ही रंगांचे मिश्र आहेत, यावर ओळख अवलंबून असते, आणि तिथे भिंगाने स्वतःच्या पदरचा रंग मिसळला तर निष्कर्षच बदलतो. या भिंगात रंगाची झालर मला दिसली नाही. आलेखाच्या कागदावर धरून पाहिले तेव्हा अगदी शेवटच्या कडेला चौकोन किंचित फुगले, मधला मोठा भाग मात्र सपाट राहिला.

विस्तारक्षमता खरी आहे का हे तपासण्याचा एक सोपा मार्ग आहे. खोलीच्या आत उभे राहून दूरच्या खिडकीची प्रतिमा भिंगातून कागदावर पाडायची आणि ती रेखीव होते तेव्हा भिंग व कागद यांतले अंतर मोजायचे. २५० मिलिमीटरला त्या अंतराने भागले की किती पट ते कळते. माझ्या भिंगाचे अंतर जवळजवळ २५ मिलिमीटर भरले, म्हणजे दहापटीचा दावा खरा. याच्या आधी मी ‘तीसपट’ अशी मोठ्या अक्षरांत जाहिरात केलेले एक भिंग घेतले होते, त्याचा व्यास २१ मिलिमीटर होता. तीसपट भिंगाचे हे अंतर, म्हणजे नाभीय अंतर, जेमतेम ८ मिलिमीटर असावे लागते आणि एवढे कमी अंतर असलेले भिंग इतके रुंद करता येत नाही. ही साधी गोष्ट मला पैसे दिल्यानंतर सुचली. मोजले तेव्हा तेही दहापटीच्याच आसपास निघाले, वर झालरीसकट. तेव्हा अंकाकडे न पाहता व्यासाकडे पाहावे: जितका आकडा मोठा, तितकी काच लहान असायला हवी.

आता माशी. कुळ ओळखायला भिंगाची गरज पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मधला माथा खोलगट असतो, इतका की समोरून पाहिले तर डोक्यावर खाच पाडल्यासारखी दिसते, आणि त्या खाचेत एका उंचवट्यावर तीन साधे डोळे बसलेले असतात. चेहऱ्यावर राठ केसांची दाढी असते. तिला मिस्टॅक्स म्हणतात, आणि धडपडणाऱ्या भक्ष्यापासून चेहऱ्याचे रक्षण करणे हे तिचे काम समजले जाते. त्याखाली पुढे आलेली टणक शुंड असते. हवेत उडता उडता पकडलेल्या कीटकाच्या शरीरात ही माशी शुंडेतली सुई खुपसते, विषारी लाळ आत सोडते आणि पातळ झालेला गर शोषून घेते. ७,५०० हून अधिक जाती असलेल्या या कुळातल्या सर्वांत लहान माशा काही मिलिमीटरच्या, तर मोठ्या ५ सेंटीमीटरच्याही पुढे जाणाऱ्या आहेत. तरी खाच, दाढी आणि शुंड ही तीन लक्षणे एकत्र दिसली की सहसा चूक होत नाही.

जिवंत माशीच्या बाबतीत भिंगाची खरी अडचण अंतराची आहे. दहापट भिंग वस्तूपासून २५ मिलिमीटरवर आणि डोळ्याला जवळजवळ टेकवून धरावे लागते. काठीच्या टोकावर बसून आकाशाकडे नजर लावलेली शिकारी माशी तुमचे डोके इतके जवळ येऊ देईल, ही अपेक्षाच चुकीची. मी माशी पारदर्शक नळीत घेतो, नळी दहा मिनिटे शीतकपाटात ठेवतो, सुस्तावलेली माशी पाहून घेतो आणि मग जिथे पकडली तिथेच सोडतो. उघड्या बोटांत धरू नये. ही माशी आपण होऊन माणसाच्या वाटेला जात नाही, पण दाबली गेली तर तीच शुंड ती बोटात खुपसते आणि दंश चांगलाच झोंबतो. बारकाईचे काम मात्र टाचणीवर वाळवलेल्या नमुन्यावरच होते, आणि या परीक्षणातील बहुतेक निरीक्षणे तशाच नमुन्यांवरची आहेत.

उपकुळाच्या पायरीवर हे भिंग आपली किंमत वसूल करते. कीटकशास्त्रज्ञ टॉर्स्टन डिकॉव यांनी २००९ मध्ये प्रौढ माशांच्या शरीररचनेवरून जी वंशावळ मांडली तिच्यात ॲसिलिडी कुळाची १४ उपकुळे आहेत. त्यांतल्या नेहमी भेटणाऱ्या उपकुळांना वेगळे करणारी लक्षणे दहापटीच्या आवाक्यात अगदी बरोबर बसतात, जणू वर्गीकरण करणाऱ्यांनी हाच आकडा मनात धरून ती निवडली असावीत. पंखाच्या पुढच्या कडेजवळ एक लांबट कप्पा असतो. तो कडेपर्यंत उघडा जातो की त्याआधीच शिरा एकत्र येऊन मिटतो, हे पाहायचे. ॲसिलिनी आणि लॅफ्रिनी या दोन उपकुळांत तो मिटलेला असतो, डॅसिपोगोनिनी आणि स्टेनोपोगोनिनी यांच्यात सहसा उघडा. मग शृंगिका: ॲसिलिनीत तिचे टोक केसासारख्या बारीक दांडीत संपते, लॅफ्रिनीत टोकाला असली दांडी नसते आणि शृंगिका बोथट दिसते. ऑमॅटिनी उपकुळात त्याच बारीक दांडीला कंगव्यासारखे केस असतात. नुसत्या डोळ्यांना ती दांडी फक्त थोडी जाड वाटते. भिंग लावले की कंगवा उलगडतो, आणि पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मी उगाच चार वेगवेगळे नमुने काढून पाहिले.

डॅसिपोगोनिनीतील बऱ्याच माशांच्या पुढच्या नडगीच्या टोकाला एक वाकडा काटा असतो. तो शोधण्यासाठी पाय योग्य कोनात वळवावा लागतो, आणि इथे भिंगाची दुसरी मर्यादा कळते. दहापटीला स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी फार थोडी असते, त्यामुळे काटा रेखीव दिसतो तेव्हा नडगी धूसर होते आणि नडगी रेखीव केली की काटा हरवतो. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात टाचणी आणि दोन्ही कोपर टेबलावर टेकवलेले, असे बसल्यावरच हे जमते. मोठी माशी तर एका नजरेत मावतही नाही. डोके पाहून झाले की वक्ष, मग पंख, मग उदर, असा तुकड्यातुकड्यांनी प्रवास करावा लागतो.

लेप्टोगॅस्ट्रिनी हे उपकूळ मला या भिंगाच्या परीक्षेसाठी सर्वांत आवडते. काडीसारख्या सडपातळ, गवतात संथ तरंगणाऱ्या या माशा दरोडेखोर वाटतच नाहीत. त्यांच्या नख्यांखाली इतर माशांना असतात तशा मऊ गाद्या बहुधा नसतातच, आणि ही गोष्ट दहापट भिंगातून लगेच दिसते: दोन उघड्या नख्या आणि मध्ये रिकामी जागा. हा आणि असे आणखी काही फरक इतके ठळक आहेत की कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स मार्टिन यांनी १९६८ मध्ये या माशांना वेगळ्या कुळाचा दर्जा दिला होता. पुढे अधिक लक्षणे एकत्र तपासली गेली तेव्हा त्या पुन्हा ॲसिलिडीत, उपकूळ म्हणून, परत आल्या. एखादे लक्षण डोळ्यांत भरणारे आहे म्हणून ते वंशावळीतही तितकेच खोलवरचे असेल असे नाही, ही गोष्ट भिंग वापरणाऱ्याने विशेष लक्षात ठेवायला हवी, कारण भिंगाला जे ठळक दिसते त्यालाच आपण महत्त्व देत जातो.

प्रकाशाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण परीक्षणांत याचा उल्लेख क्वचितच असतो. याच भिंगाचा, भोवती छोट्या दिव्यांचे कडे असलेला प्रकारही मिळतो आणि मी तो काही आठवडे वापरला. खड्यासाठी तो चांगला असेल; दरोडेखोर माशीसाठी तो घेऊ नये. या माशांच्या वक्षावर आणि उदरावर अतिशय बारीक, धुळीसारख्या लवेचा थर असतो, राखाडी, सोनेरी किंवा तपकिरी, आणि त्या थराचे पट्टे व ठिपके प्रजाती आणि जाती ओळखताना उपयोगी पडतात. हा थर प्रकाशाच्या कोनाप्रमाणे बदलतो: एका बाजूने चकाकणारा पट्टा दुसऱ्या बाजूने काळा दिसतो. चारी बाजूंनी सारखा प्रकाश टाकणारे कडे हा सगळा खेळ पुसून टाकते आणि माशी सपाट, करड्या रंगाची दिसू लागते. खिडकीतून तिरका येणारा उजेड आणि टाचणी बोटांत हळूहळू फिरवणे, याला पर्याय नाही. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या ओल्या नमुन्यावर तर हा थर दिसतच नाही, तेव्हा भिंगाला दोष देण्याआधी नमुना कोरडा आहे ना ते पाहावे.

याच तिरक्या उजेडात डोळ्यांकडेही पाहावे. संयुक्त डोळ्याचा समोरचा, मधला भाग कडेच्या भागापेक्षा मोठ्या पैलूंचा, म्हणजे डोळ्यातल्या चिमुकल्या भिंगांचा, बनलेला असतो, आणि मोठ्या माशीत हा फरक दहापटीला जाणवतो. होल्कोसेफाला ही अमेरिका खंडातली प्रजाती तर याचे टोक आहे. तिच्यातील फुस्का या जेमतेम ६ मिलिमीटर लांबीच्या जातीवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या डोळ्यांतले मधले पैलू सुमारे ७८ मायक्रोमीटर रुंद असल्याचे दाखवले आहे, म्हणजे तिच्या दसपट लांबीच्या मोठ्या चतुरांच्या तोडीचे. दहापट केल्यावर ते पाऊण मिलिमीटरचे भासतील, म्हणजे वेगवेगळे मोजता येण्याजोगे. ओळखीसाठी याचा फारसा उपयोग नाही. पण दूरवरच्या ठिपक्याएवढ्या भक्ष्याकडे झेपावून वाटेतच त्याला गाठणाऱ्या जनावराचे डोके इतके विचित्र का असते, ते समजते.

प्रजातीच्या पायरीवर निकाल संमिश्र आहे. प्रोमॅकस प्रजातीच्या पंखात कडेलगत नेहमीच्या दोनऐवजी तीन कप्पे होतात, ते भिंगाने एका मिनिटात मोजता येतात. लॅफ्रिया प्रजातीचा भुंग्यासारखा केसाळ अवतारही पुरेसा बोलका आहे. पण ॲसिलस या नावाभोवती जमलेल्या, एकसारख्या करड्या, मध्यम आकाराच्या माशा समोर आल्या की भिंग अडखळते, आणि त्याचे कारण समजण्यासाठी त्या नावाचा इतिहास पाहावा लागतो.

लिनियसने १७५८ मध्ये ॲसिलस ही प्रजाती प्रस्थापित केली. लॅटिनमध्ये हा शब्द गुरांना सतावणाऱ्या माशीसाठी वापरला जाई. ज्या माशीला तो चिकटला तिला गुरांच्या रक्तात काडीचाही रस नाही. पुढे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये याच नावावरून कुळाचे नाव ठेवले. प्रजातीची नमुनाजाती, म्हणजे जिच्याशी प्रजातीचे नाव कायमचे बांधले गेले आहे ती जाती, म्हणजे ॲसिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस. युरोपातली ही मोठी, सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची माशी तपकिरी-पिवळी असते, उदराचा पुढचा भाग काळा आणि मागचा पिवळाधमक. क्रॅब्रोनिफॉर्मिस याचा अर्थच गांधीलमाशीच्या रूपाची. तिला ओळखायला ना भिंग लागते ना पुस्तक.

गंमत पुढे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साधारण तशी दिसणारी प्रत्येक माशी ॲसिलसमध्येच टाकली जात होती, आणि ती अडगळीची खोली झाली होती. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेर्मान लोव यांनी १८४९ मध्ये मॅकिमस, टोल्मेरस अशी नावे देऊन ती रिकामी करायला सुरुवात केली. त्या घडामोडीत सापडलेली एक जाती म्हणजे ॲट्रिकॅपिलस. स्वीडनच्या फालेन यांनी १८१४ मध्ये तिला ॲसिलस ॲट्रिकॅपिलस म्हटले, पुढे ती मॅकिमसमध्ये गेली आणि आज ती टोल्मेरस ॲट्रिकॅपिलस म्हणून लिहिली जाते. म्हणून तिच्या नावापुढे फालेन आणि १८१४ हे कंसात लिहितात: कंसाचा अर्थ, जातीचे नाव ज्याने दिले त्याने ती आज आहे त्या प्रजातीत ठेवली नव्हती. क्रॅब्रोनिफॉर्मिसपुढे लिनियसचे नाव कंसाविना येते, कारण ती जिथे ठेवली तिथेच राहिली. नमुन्यांच्या जुन्या पेटीत एकाच जातीच्या तीन चिठ्ठ्या तीन नावांच्या असतील, तर कोणी चुकले असे समजू नये. कंस आणि वर्ष पाहून नावाचा प्रवास उलगडता येतो.

या करड्या माशांच्या प्रजाती वेगळ्या करायला उदराच्या शेवटच्या खंडांची रचना, मादीच्या अंडनिक्षेपकाचा (अंडी घालण्याच्या अवयवाचा) आकार, वक्षावरच्या राठ केसांची मांडणी असली लक्षणे लागतात. अंडनिक्षेपक दहापटीला दिसतो: चाकूसारखा दाबलेला आहे की गोलसर, टोकाला काट्यांचे कडे आहे की नाही. वक्षावरचे केस पुढेपर्यंत ताठ उभे आहेत की फक्त मागच्या अर्ध्यात, हेही बाजूने उजेड घेऊन कळते. एवढ्यावर काही प्रजाती सुटतात. तरी हाती दोन-तीन पर्याय उरले आणि भिंग खाली ठेवावे लागले, असे माझ्या बाबतीत अनेकदा झाले आहे.

आणि जाती? बहुसंख्य दरोडेखोर माशांच्या बाबतीत तिथे नराच्या जननेंद्रियांचे भाग निर्णायक असतात. ते बाहेरून दिसतात तेवढे पुरत नाहीत; उदराचे टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सुमारे १० टक्के द्रावणात मऊ करायचे, ग्लिसरीनमध्ये ठेवायचे आणि चाळीस-पन्नासपट दाखवणाऱ्या दुनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या कोनांतून पाहायचे, ही पद्धत. खिशातल्या भिंगाने ते होत नाही, आणि होईल असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. मादी एकटीच हाती आली असेल तर सूक्ष्मदर्शक असूनही पुष्कळदा प्रजातीवरच थांबावे लागते.

मग वीसपट भिंग घ्यावे का, हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला आहे. मी घेतले होते. त्याचे अंतर १२ ते १३ मिलिमीटरवर येते, त्यामुळे स्वतःच्याच कपाळाची सावली माशीवर पडते. दृश्य अर्ध्याहून लहान होते, स्पष्ट थर इतका पातळ की श्वास घेतला तरी माशी धूसर. त्यातून ऑमॅटिनीचा कंगवा अधिक सुंदर दिसतो, पण दहापटीने न सुटलेला एकही नमुना त्याने सोडवला नाही. जिथे दहापट संपते तिथे वीसपट सुरू होत नाही, तिथे सूक्ष्मदर्शक सुरू होतो. ज्यांना फक्त छायाचित्रे काढायची आहेत त्यांच्यासाठी दोन्ही अनावश्यक आहेत; चांगल्या मॅक्रो लेन्सने पंखाचा कप्पा आणि शृंगिका दोन्ही टिपता येतात, अट एकच की फोटो वरून आणि बाजूने असे दोन घ्यावेत.

तक्रारी अगदी थोड्या. बिजागरीचा स्क्रू तीन महिन्यांत ढिला झाला आणि भिंग आपोआप कवचाबाहेर येऊन काचेवर ओरखडा पडला. स्क्रूवर नखांना लावायच्या रंगाचा थेंब टाकल्यापासून तो हललेला नाही. काचा चिकटवलेल्या असल्याने भिंग ॲसिटोन किंवा अल्कोहोलने पुसू नये, ही सूचना डबीत कुठेही छापलेली नव्हती, ती असायला हवी होती. दोरी अडकवायचे छिद्र इतके लहान आहे की त्यातून बुटाची नाडी जात नाही, आणि दोरीशिवायचे भिंग गवतात एकदा पडले की संपले. मी मासे पकडायच्या गळाचा पातळ दोर ओवला आहे. चष्मा असणाऱ्यांनी तो काढून भिंग थेट डोळ्याला लावावे. दूरची किंवा जवळची नजर कमी असेल तरी अंतर थोडे पुढेमागे केले की दृश्य रेखीव होते.

सध्या माझ्या पेटीत करड्या माशांची एक रांग आहे. प्रत्येकीच्या टाचणीवर जागा, दिनांक आणि उपकुळाचे नाव लिहिलेली चिठ्ठी आहे, निम्म्यांवर प्रजातीचेही. आणि जातीची ओळ मुद्दाम पेन्सिलने आखून रिकामी ठेवलेली आहे.